थोरलीची पिशवी

धाकटी जिन्यावरून उतरू लागली की थोरली रुमालाला बाम चोळायला घ्यायची. चपला फटफट आपटत ती यायची, दार न वाजवता आत शिरायची, "झोप लागली का जाऊबाई" असं विचारून उत्तराची वाट न बघता बाहीला नाक पुसायची आणि त्याच हातांवर रबरी हातमोजे चढवायची. थोरली तोवर पलंगावर उताणी पडलेली असायची. गाऊन वर केलेला, तोंड भिंतीकडे, डोळे घट्ट मिटलेले, नाकाशी बाम चोळलेला रुमाल. मग धाकटीचं गुणगुणणं सुरू व्हायचं, चिकटपट्टी सोलल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ तो वास यायचा. तो रुमालातून यायचा, बामातून यायचा, मिटल्या डोळ्यांतूनसुद्धा यायचा. स्वतःच्याच शरीराची अशी शिसारी येण्यापेक्षा मरण परवडलं, असं थोरलीला रोज सकाळी वाटायचं, आणि रोज सकाळी धाकटी म्हणायची, "झालं हो, एवढंच तर होतं."

एवढंच तर होतं म्हणे. त्या तीन शब्दांनी थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दोघी सख्ख्या जावा. एकाच इमारतीत खाली थोरलीचं धुलाईचं दुकान आणि दुकानामागे तिची खोली. वरच्या मजल्यावर धाकटी आणि तिचा नवरा. थोरलीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटीचा होता, पण दिवसभर रेडिओला कान लावून बसायचा, त्यामुळे असून नसल्यातच जमा. थोरलीच्या स्वच्छतेचा साऱ्या गोतावळ्यात दरारा होता. डॉक्टरांचे पांढरे कोट, हॉटेलांच्या चादरी, लग्नाच्या हॉलमधली टेबलावरची कापडं, सगळं तिच्या हाताखालून जायचं. डाग नुसता बघून ती सांगायची, हा चहाचा, हा गंजाचा, हे रक्त आणि कुणीतरी शहाण्यानं ते गरम पाण्यात धुवायचा प्रयत्न केलाय. तिच्या घरी यायचं म्हणजे पाहुणे आधी स्वतःचे पाय तपासायचे. आणि धाकटी? धाकटीच्या स्वयंपाकघरातल्या फडक्याला कायम ओलसर वास, कपाला आतून चहाची कड, कंगव्यात केसांचा बुचका. थोरली तिला चारचौघांत "घाणेरडी" म्हणायची. तिच्या घरचं पाणी तिनं कधी घेतलं नाही. कुणी आग्रह केला तर पोट बिघडलंय म्हणायची. चाळीस वर्षं पोटाचं निमित्त सांगितलं आणि शेवटी पोटानं ते खरं करून दाखवलं.

गेल्या वर्षी इस्त्री करता करता ती वाकली ती सरळ झालीच नाही. आतड्याला फुगे आले होते, त्यातला एक फुटला होता. रातोरात पोट उघडावं लागलं. फुटलेला भाग कापून काढला, वरचं टोक पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर आणून उघडं ठेवलं आणि खालचं टोक शिवून आतच सोडून दिलं. थोरली शुद्धीवर आली तेव्हा पोटावर पिशवी चिकटवलेली होती आणि पिशवीत जे असायचं ते होतं. तिनं एकदाच खाली पाहिलं, मान वळवली, आणि त्यानंतर आजतागायत पाहिलं नाही. पिशवी कशी बदलायची हे सिस्टर घरच्यांना शिकवणार होती. थोरलीचा मुलगा आला होता, पण चिकटपट्टी निघताच त्याला नेमका कुणाचा तरी फोन आला आणि तो बाहेर गेला. शिकली ती धाकटी.

तेव्हापासून रोज सकाळी, आणि पोट बिनसलं तर संध्याकाळीसुद्धा, धाकटीचे हात. पिशवी एक वेळ परवडली असती, पण ते हात नको होते. जिला आयुष्यभर घाणेरडी म्हटलं तिनंच आपली घाण काढावी आणि वर गुणगुणावं, यापरती नामुष्की थोरलीला सुचत नव्हती. धाकटीला यात काहीच वाटत नाही, याची तिला खात्री होती. जन्मभर घाणीत राहिलेल्या बाईला घाणीचं काय सुतक? उलट मनातून हिला उकळ्या फुटत असणार. तेव्हा थोरलीला हवं होतं ते एवढंच: आतडं परत जोडायचं, भोक बुजवायचं, आणि धाकटीला जिन्याच्या वरच ठेवायचं.

ज्यांनी ऑपरेशन केलं त्या मोठ्या डॉक्टरांना तिनं विचारलं होतं. कॉम्प्युटरवरून नजर न काढता ते म्हणाले की या वयात ही नसती उठाठेव कशाला, चाललंय ना, मग चालू द्या. हेही ते थोरलीला नाही, धाकटीला म्हणाले. थोरली त्यांच्या कोटाच्या कॉलरकडे बघत होती. मानेशी पिवळी रेघ होती, घामाची, निदान आठवडाभराची. ज्या माणसाला स्वतःची कॉलर दिसत नाही त्यानं माझ्या पोटाचा निकाल लावावा, असं म्हणत ती तिथून उठली. पुढे मुलानं फोनवर सांगितलं की बाजूच्या शहरात एक बाई आहेत, आतडी पुन्हा जोडण्यात हातखंडा असलेल्या; दुसरं मत घ्यायला काय जातंय? मात्र त्याला स्वतःला यायला जमणार नव्हतं. म्हणजे बरोबर कोण जाणार, हे सांगायलाच नको.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत लोक दाटीवाटीनं बसले होते. खुर्च्यांच्या रेक्झिनला असंख्य पाठींचा मेणचट ओशटपणा होता. थोरली टेकली नाही, काठावर बसली. अर्धा तास बरा गेला. मग पोटावरच्या त्या तोंडानं, कुणाची परवानगी न घेता, लांबलचक आवाज केला. ते थांबवता येत नाही, दाबता येत नाही, त्याला लाज नाही. शेजारच्या माणसानं आधी छताकडे पाहिलं, मग खुर्ची बोटभर सरकवली. धाकटी लगेच जोरजोरात खोकायला लागली. इतकी खोकली की पलीकडच्या बाईनं तिला पाणी आणून दिलं. आवाज झाकायला केलेला हा तमाशा आवाजाहून वाईट होता. थोरलीला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं, आणि घेतलं तरी पिशवी बरोबर येणारच, हेही डोक्यात येऊन गेलं.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, ठेंगण्या, केस मागे बांधलेल्या. कोटाच्या खिशाशी शाईचा ठिपका होता, पण कॉलर स्वच्छ. त्यांनी जुने कागद वाचले आणि विचारायला सुरुवात केली. दिवसातून किती वेळा होतं, पातळ की घट्ट, भोवतीची कातडी कशी आहे, तोंड किती वर आलंय, रंग लाल की काळपट. प्रत्येक प्रश्नाला उत्तर धाकटी देत होती, पटापट, अगदी भाजीचा भाव सांगावा तसं. थोरली खिडकीबाहेर बघत बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि पेशंट नक्की कोण आहे असं विचारलं.

"मी," थोरली म्हणाली.

"मग तुम्ही सांगा. रंग कसा आहे?"

 आपण बघत नाही, असं थोरली म्हणाली. कधीच नाही का, असं बाईंनी विचारलं. तिनं मान हलवली. बाई रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मऊही झाला नाही. मग त्यांनी खालून, शौचाच्या जागेतून, आतून तपासलं. तपासताना थोरलीनं दात इतके आवळले की कानशिलं दुखली. हातमोजे काढता काढता बाईंनी सांगितलं की खालची पकड सैल वाटते, पण नुसत्या बोटानं पक्कं कळत नाही. ती आवळायचे व्यायाम सुरू करा, महिन्याभरानं नीट चाचणी करू.

"आणि माझा एक नियम आहे," त्या म्हणाल्या. "जो स्वतःची पिशवी स्वतः बदलू शकत नाही, त्याला मी जोडायला घेत नाही."

थोरली उसळली. पिशवी काढायलाच तर आलेय, मग ती बदलायला कशाला शिकू, असं तिनं विचारलं. बाईंनी शांतपणे समजावलं. जोडलेली जागा कधी कधी गळते. ती भरून येईपर्यंत वर, उजव्या बाजूला, आणखी एक तोंड काढावं लागतं, आणि त्यातून जे येतं ते पाण्यासारखं असतं, दिवसभर येतं. एका पेशंटला ते बघवलं नाही. काही बाहेर येऊच नये म्हणून त्या गृहस्थानं जेवण टाकलं आणि जोडलेलं आतडं बरं होत असताना माणूस मात्र उपाशीपोटी खंगला. तेव्हापासून हा नियम.

"महिन्यानं या आणि माझ्यासमोर बदलून दाखवा," त्या म्हणाल्या. "मग बोलू."

दोघी परत निघाल्या. नकोशा वस्तूला हात लावल्याशिवाय ती टाकता येणार नाही, आणि हात कसा लावायचा ते धाकटीकडून शिकायचं, म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. पण धाकटीला कायमचं वर ठेवायचं तर दुसरा रस्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं धाकटीला लांब खुर्चीवर बसवलं, पलंगावर उशीला टेकून बसली आणि स्वतः चिकटपट्टीचं टोक धरलं.  आधी वास आला, मग सुटलेल्या पिशवीतलं ओझं हाताला लागलं, कोमट. तिच्या घशाशी आंबट आलं. ती थांबली, गिळलं, आणि पाहिलं.

लाल होतं. ओठाच्या आतल्या बाजूसारखं, ओलं आणि चकचकीत. आणि ते हलत होतं. आपल्या मनानं आकसत होतं, सैल होत होतं, मधल्या फटीतून अजून थोडं काही बाहेर येत होतं, आणि तिला ते जाणवतही नव्हतं. घरात कुणीतरी परका माणूस बिनदिक्कत राहतोय आणि आपल्याला पत्ता नाही, असं काहीतरी वाटलं. तिला ओकारी आली ती पिशवीतच झाली. धाकटी उठली होती, थोरलीनं हातानंच तिला बस म्हणून सांगितलं. त्या दिवशी नवी पिशवी वाकडी लागली आणि दुपारच्या आत सुटली, पण ती थोरलीनं लावलेली होती.

चार-सहा दिवसांत हात बसला. मात्र बघणं जमू लागलं तशी थोरलीची नजरही जागी झाली, आणि ती नजर धुलाईवालीची होती. तोंडाभोवतीच्या कातडीवर तिला तपकिरी कड दिसली. ती रोज पाण्यानं पुसूनही जात नव्हती. वर्षभर धाकटीनं वरवर पुसलं, त्याचंच हे फळ, तिनं ठरवलं. हिच्या कपाची कड आणि माझ्या पोटाची कड, दोन्ही एकाच हातातली. मग काय, दुकानात जाऊन तिनं डागाचा साबण आणला, तोच, कॉलरींना लावायचा, आणि मऊ ब्रशनं ती जागा घासली. चुरचुरलं. चुरचुरलं की डाग सुटतोय, हे तिनं आयुष्यभर कामावरच्या पोरींना शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी जरा जास्त घासलं. तिसऱ्या दिवशी साबणात चिमूटभर सोडा टाकला. कातडी अशी काही लालभडक झाली की थोरलीला समाधान वाटलं, आता कुठे स्वच्छ दिसतंय.

चौथ्या दिवशी ती दुकानात इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती, बाईंनी सांगितल्याप्रमाणे इस्त्री पुढे गेली की खाली आवळायचं आणि मागे आली की सोडायचं असा व्यायाम करत. पायाशी टोपलीत हॉटेलच्या धुतलेल्या चादरींची चळत होती. सोललेल्या, पाणी सुटलेल्या कातडीवर चिकटपट्टी किती वेळ टिकणार? ती सुटली. गाऊनच्या आतून काहीतरी घसरलं, मांडीवरून ओघळलं, आणि चादरींवर, तिनं स्वतः खळ घालून कडक केलेल्या पांढऱ्याफेक चादरींवर पडलं. गिऱ्हाईक दारात होतं. ते आत आलं नाही, उलट्या पावली गेलं. थोरली तिथेच पुतळ्यासारखी उभी राहिली. हात हवेत, इस्त्री खाली, आणि नाकात तो वास. हा डाग कशाचा, हे आता कुणालाही सांगता आलं असतं.

धाकटीला कुणी बोलावलं नव्हतं. जळकट वास आला म्हणून ती खाली आली, तिनं आधी इस्त्री उचलली आणि मग थोरलीला आत नेलं. कातडी पाहून ती पहिल्यांदाच गुणगुणायची थांबली. उशाशी डागाचा साबण होता, ब्रश होता. तिनं ते पाहिलं.

"ही कातडी आहे जाऊबाई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण चाळीस वर्षांत ती थोरलीशी या सुरात बोलली नव्हती. "हा डाग नाहीये. निघायला."

ती कड पट्टीच्या डिंकाची होती, तेल लावलं की सुटायची. थोरलीला ते कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. पुढचे आठ-दहा दिवस पुन्हा धाकटीचे हात, मलम, पावडर, फुंकर. पण या वेळी थोरलीनं तोंड भिंतीकडे केलं नाही. आपल्याच पोटाकडे आणि त्यावर फिरणाऱ्या त्या बोटांकडे ती बघत राहिली. किळस तसूभरही कमी झाली नव्हती. फक्त आता ती डोळे उघडे ठेवून येत होती. कातडी भरल्यावर तिनं पुन्हा स्वतः सुरुवात केली, कोमट पाणी, कापूस, बस्स, आणि धाकटी शेजारी नुसती बसायची.

महिना भरला. डॉक्टरीणबाईंच्या समोर, सिस्टरच्या समोर, धाकटीच्या समोर थोरलीनं पिशवी काढली, पुसलं, माप घेतलं, नवी लावली, हाताच्या उबेनं दाबून बसवली. हात जरासुद्धा हलला नाही. बाईंनी छान म्हटलं. थोरलीनं नाक मुरडलं. यात छान काय आहे, ती म्हणाली, पण आतून ती फुलली होती. अर्धा गड सर झाला होता.

मग चाचणी. सिस्टर एका भांड्यात पांढरं, दाटसर काही घेऊन आली. पिठाची पेज होती. थोरलीनं बघताक्षणी ओळखलं, ही तर खळ, आणि तीही गुठळ्यांची. आपल्या दुकानात कुणी अशी केली असती तर कानाला धरून बाहेर काढलं असतं. ती खळ खालच्या वाटेनं आत भरायची होती. एवढ्या दिवसांची पडीक वाट, तिथे नळी घातली, पिचकारी दाबली, आणि थंडगार गिळगिळीत काहीतरी आत शिरत गेलं. थोरलीनं पलंगाची दांडी धरून ठेवली. आयुष्यभर खळ कापडात भरली, आता ती आपल्यात भरताहेत. मग सिस्टरनं सांगितलं, आवळून धरा, बाहेर फेरी मारून या, जिना चढून उतरा. जमलं तर जोडता येईल.

थोरली निघाली. पाठीमागे बंदांचा दवाखान्याचा झगा, पायात सपाता, आणि मागे धाकटी. इस्त्री पुढे, आवळ. इस्त्री मागे, पण आता सोडायचं नाही. तिनं सगळं चित्त तिथे लावलं. व्हरांड्यात लोक होते, तिनं कुणाकडे पाहिलं नाही. जिना चढली, उतरली. आत जड वाटत होतं, पण सगळं जागच्या जागी आहे असं वाटत होतं. जमतंय. चेहऱ्यावर हसू यायला लागलं. आता जोडणार, आता भोक बुजणार, आता धाकटी वर आणि मी खाली.

"जाऊबाई," मागून धाकटी हळू म्हणाली. "थांबा."

थोरलीनं वळून पाहिलं. तिच्या मागे फरशीवर, जिन्याच्या शेवटच्या पायरीपासून, पांढरे ठिपके पडलेले होते. जिन्यावरही होते. त्यातल्या एकात तिच्याच सपातेचा ठसा होता. सफाईवाला बादली घेऊन उभा होता आणि ती पुढे जायची वाट बघत होता. तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. वरचं ते लाल तोंड निर्लज्ज होतं, पण निदान आवाज करत होतं. खालचं तर चोर निघालं.

आंघोळीच्या खोलीत तिनं धाकटीला आत येऊ दिलं नाही. पाय धुतले, पुन्हा धुतले, पांढरं पाणी जाळीतून जाताना पाहिलं. मग कपडे घालून ती डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसली.

जोडता येईल, बाई म्हणाल्या. शरीर ऑपरेशन सोसेल. पण जोडल्यावर सगळं खाली येणार, आणि खाली दार लागत नाही. ही तर दाट पेज होती, खरं ते कधी कधी याहून पातळ असेल. व्यायामानं थोडा फरक पडेल, फार नाही.

"तुम्हाला कळणार नाही," त्या म्हणाल्या. "आज कळलं नाही तसंच. शेजारचं माणूस सांगेल तेव्हा कळेल."

थोरलीनं विचारलं, म्हणजे ते पहिले डॉक्टर बरोबरच होते का.

"उत्तर बरोबर होतं. तुम्हाला हात न लावता दिलं, ते चुकलं. आता ठरवायचं तुम्ही. तरीही हवं असेल तर मी करीन."

थोरलीनं शाईच्या त्या ठिपक्याकडे पाहिलं. मुलाला विचारते, असं म्हणायचं तोंडावर आलं होतं. धाकटी भिंतीला टेकून उभी होती.

"राहू दे," थोरली म्हणाली. "जी घाण मला दिसते, ती निदान माझ्या हातात तरी आहे."

बसला वेळ होता. दवाखान्याच्या फाटकाबाहेर बाकावर दोघी बसल्या. थोरलीला रडू आलं नाही, संताप आला. संताप स्वतःचा, त्या खळीचा, फरशीवरच्या ठिपक्यांचा, आणि ते सगळ्यांच्या आधी जिला दिसले तिचा. शेजारी ती निवांत पाय हलवत बसली होती.

"तुझं बरं आहे," थोरली म्हणाली. "तुला कशाचीच घाण वाटत नाही."

धाकटीचे पाय थांबले. 

"वाटते," ती म्हणाली.

"कधी वाटली?"

"रोज." ती समोर रस्त्याकडे बघत होती. "वर जाऊन आधी ओकायचे. सकाळचं खाणं सुटलंच मग. ह्यांना वाटतं मी बारीक व्हायचं मनावर घेतलंय."

थोरलीच्या अंगातून रागाची तिडीक गेली. ही, कंगव्यात केस ठेवणारी, हिला माझी घाण वाटते? पण तिडीक जेवढ्या झपाट्यानं आली तेवढ्याच झपाट्यानं ओसरली, आणि मागे जे उरलं ते फार लाजिरवाणं होतं. हिला चालतं, म्हणून ही करते, असं ती वर्षभर धरून चालली होती. ते धरलं की उपकार वाटत नाहीत.

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलून काय होणार होतं? पिशवी तर बदलायलाच लागणार होती. नि गप्प राहिलं की उमासे यायचे, म्हणून गुणगुणायचे."

 चाळीस वर्षं "घाणेरडी" या एकाच शब्दाची सवय लागलेल्या थोरलीच्या जिभेला दुसरा शब्द सापडेना. शेवटी ती म्हणाली की आता मला जमतंय, उद्यापासून खाली येऊ नकोस.

"नाही येत," धाकटी म्हणाली. क्षणाचाही उशीर न लावता, मानेवरचं ओझं धपकन खाली टाकावं तसं. त्या आवाजातली सुटका इतकी उघडी होती की थोरलीला ती वर्मी लागली. ती हेच मागायला दोन वेळा इतक्या लांब आली होती.

"काही खाल्लंयस का सकाळपासून?" तिनं विचारलं.

धाकटीनं मान हलवली.

रस्त्याच्या पलीकडे टपरी होती. जा, खाऊन ये, थोरली म्हणाली. धाकटीनं आढेवेढे घेतले नाहीत. ती गेली, पाव घेतला, तिथेच उभी राहून चहात बुडवून खाल्ला आणि दुसरा घेतला. मोठे मोठे घास होते, गाल फुगलेले, चहा हनुवटीवरून ओघळून गळ्यापर्यंत आलेला. थोरली बाकावरून बघत होती. तो ओघळ पाहून तिच्या अंगावर नेहमीसारखीच शिसारी आली, पण तिनं तोंड फिरवलं नाही. शेवटचा घास पोटात जाईपर्यंत ती बघत राहिली.